वडामांची राखण आणि अप्पांचं श्राद्ध

माझ्या सासूबाईंचे वडाम चोरीला जात होते आणि ही गोष्ट आमच्या घरात कुणीही हसण्यावारी नेली नव्हती.

वडाम म्हणजे आपल्या कुरडयांचे तमिळ भाऊबंद. दर चैत्रात चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या गच्चीवर जुन्या धोतरावर त्यांच्या ओळी पडतात. ‘आमच्या’ म्हणतो खरा, पण घर सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं. मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी चेन्नईला आलो, तंजावरच्या मराठी घरातली सुधा मला पसंत पडली (मी तिला पसंत पडलो असं ती कधीही म्हणालेली नाही), आणि अप्पा गेल्यावर सासूबाई एकट्या नकोत म्हणून दोन महिन्यांसाठी आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो. त्याला नऊ वर्षं झाली. घरजावई हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. उच्चारायची गरजच पडत नाही.

“माप्पिळै,” एका सकाळी सासूबाई मला म्हणाल्या. माप्पिळै म्हणजे जावई. माझं नाव त्यांना माहीत असावं असा माझा अंदाज आहे. “काल अकरा ओळी होत्या. आज साडेनऊ आहेत.”

“वाऱ्यानं उडाले असतील.”

“वारा दीड ओळ मोजून नेतो काय?”

सासूबाईंची मराठी काही शतकांपूर्वी तंजावरला गेली आणि तिथेच मुक्काम करून राहिली. त्यामुळे त्यांनी टोमणा मारला तरी दरबारात उभं राहिल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी आठ ओळी उरल्या. खालच्या मजल्यावरच्या विशालाक्षी टीचरवर आपला संशय नाही, असं सासूबाईंनी तीनदा सांगितलं, म्हणजे संशय पक्का होता.

मी टाकीच्या मागे दोन तास बसून चोर पाहिला. कावळे होते. एक पहारा देत होता, दोघं वडाम उचलत होते, आणि चौथा नुसताच इकडून तिकडे फिरून देखरेख केल्याचा आव आणत होता. (मी एका पंपांच्या कंपनीत खरेदी विभागात तीस वर्षं काढली. तो चौथा मला लगेच ओळखीचा वाटला.)

“कावळे आहेत,” मी खाली येऊन जाहीर केलं.

“शक्यच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी त्यांस रोज भात घालतें.”

ते खरंच होतं. इथल्या अनेक घरांत घरच्यांनी जेवायच्या आधी कावळ्याला घास ठेवतात. सासूबाई रोज अकरा वाजता गच्चीच्या कठड्यावर तूप-वरण कालवलेला भात ठेवून “का, का, का” अशी हाक मारतात. पूर्वज कावळ्याच्या रूपानं येऊन जेवतात, त्यामुळे तो कावळा म्हणजे एका अर्थी अप्पाच. आता अप्पांना भात घालायचा आणि वर अप्पांवरच वडामचोरीचा आळ घ्यायचा, हे त्यांना कसं पटावं? मी मध्यममार्ग काढला.

“चोर कोणी का असेना,” मी म्हणालो, “मी यंत्र बसवतो. कुणी हललं की ते वाजेल.”

“काठीला काळं फडकं बांधा,” सुधा म्हणाली.

“त्याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत.”

“नसेल म्हणत. त्यानं कावळे जातात.”

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि रिची स्ट्रीट गाठला. विजेच्या सुट्या भागांची एवढी दुकानं तिथे आहेत की रिकाम्या हातानं परत येणाऱ्या माणसाचा तिथे अपमान समजतात. मी एक मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घेतला, हालचाल ओळखणारा सेन्सर घेतला, रंगीत वायरींचा जुडगा घेतला, आणि एक भोंगा. खरेदी विभागातल्या माणसाला प्रत्येक वस्तूचं नाव माहीत असतं. ती वस्तू कशाला लागते ते दुसऱ्या विभागाला माहीत असतं. हा फरक मला घरी आल्यावर जाणवला.

तरी यंत्र तसं सोपं होतं. सेन्सरसमोर ऊब हलली की सेन्सर बोर्डाला कळवतो, बोर्ड भोंग्याला कळवतो आणि भोंगा गल्लीला कळवतो. प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला, म्हणजे इंटरनेटवरून उचलला आणि पहिल्या ओळीत माझं नाव घातलं. दोन दिवस काहीच वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी सुधानं चहा ठेवता ठेवता विचारलं, “अहो, ती लाल वायर दोन्हीकडून एकाच भोकाच्या ओळीत का खोचलीय?” तिनं बारावीनंतर विज्ञान सोडलं होतं. मी वायर हलवली आणि भोंगा असा कोकलला की तिच्या हातातला कप मी घाबरून धरला. तिनं सोडला नव्हताच.

मग यंत्र गच्चीवर गेलं आणि तिथल्या उन्हानं त्याची परीक्षा घेतली. चेन्नईच्या एप्रिलमध्ये गच्चीवर माणूस, कावळा, पाण्याची टाकी आणि वाळत घातलेली नऊवारी या सगळ्यांची ऊब साधारण सारखीच असते. साडीचा पदर हलला की भोंगा. टीचरचा टॉवेल फडफडला की भोंगा. दुपारी एक वाजता तर काहीच न हलता भोंगा. टीचर वर आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, जीवशास्त्राच्या. आवाज अजून वर्गातला.

“सर,” त्यांनी अत्यंत मृदूपणे विचारलं, “अॅम्ब्युलन्स कोणाला न्यायला आली आहे?”

“हा चोरांसाठी अलार्म आहे.”

“चोर बहिरे असले तर बरं होईल त्यांचं. आम्ही नाही आहोत.”

त्या संध्याकाळी सोसायटीनं भोंग्यावर बंदी घातली. कारण माणसाच्या प्रगतीला समाजाचा विरोध हा व्हायचाच. मी सेन्सरला पुठ्ठ्याचा बुरखा केला, म्हणजे त्याला फक्त वडामांचं धोतर दिसावं, आणि भोंग्याच्या जागी आवाज साठवून ऐकवणारी एक चिमुकली पट्टी जोडली. आता प्रश्न होता आवाज कोणाचा. सुधा म्हणाली, माझा नको. सासूबाई म्हणाल्या, चोराशी मी बोलणार नाही. राहिलो मी. तमिळमध्ये प्रयत्न केला, तेव्हा सुधा शेजारच्या खोलीत जाऊन हसून आली. शेवटी मी माझ्या मातृभाषेत मोकळा झालो. “हाड! चल, नीघ इथून. फुकट खायची सवय लागलीय. पुन्हा दिसलास तर बघ!”

सांगलीच्या रस्त्यावर हे वाक्य ऐकून म्हशीसुद्धा बाजूला होतात. कावळे तर पहिल्याच दिवशी नारळाच्या झाडावर जाऊन बसले. पण नुसता आवाज आहे, मागे माणूस नाही, हे त्यांना कळलं तर? (मी किती दूरचा विचार करतो बघा.) म्हणून यंत्र वाजलं की मीही टाकीमागून टॉवेल फिरवत धावून जायचो. रोज सकाळी नऊ ते बारा. आवाज माझा आणि सोबत साक्षात मी, अशी ती शिस्तबद्ध मोहीम दहा दिवस चालली.

अकरा ओळी घातल्या, अकरा राहिल्या. सासूबाईंनी मोजून घेतल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाल्या, “माप्पिळै, तुम्ही शहाणे आहांत.” नऊ वर्षांत पहिल्यांदा! मी ते सुधाला दोनदा सांगितलं आणि टीचरना एकदा.

फक्त एक बारीकशी अडचण झाली होती. कठड्यावरचा भात कोणी खात नव्हतं. सासूबाई “का, का, का” म्हणून खाली जायच्या. त्यांचे गुडघे पुन्हा वर यायला परवानगी देत नसत. आणि भात तसाच पडून राहायचा. मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. रोज साडेबारा वाजता मी तो भात गुपचूप मागच्या पत्र्यावर पारव्यांना टाकायचो आणि खाली येऊन सांगायचो, “आज चट्टामट्टा केला हो.” सासूबाई समाधानानं पानावर बसायच्या. मला कळत होतं की मी काय करतोय. पण नऊ वर्षांनी कोणी शहाणं म्हटल्यावर माणूस सहजासहजी वेडा व्हायला तयार होत नाही.

आणि मग आलं अप्पांचं श्राद्ध.

सासूबाईंच्या लेखी वर्षाचे दिवस दोन प्रकारचे, अप्पांच्या श्राद्धाचा आणि बाकीचे. त्या दिवशी वाध्यार, म्हणजे इथले भटजी, येऊन पिंड करतात. पिंडाचा भात केळीच्या पानावर गच्चीच्या कठड्यावर ठेवतात. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही आणि सासूबाई तर पाण्याचा थेंबसुद्धा घेत नाहीत. दरवर्षी कावळा एका मिनिटात यायचा. सासूबाई हात जोडून म्हणायच्या, “आले.” मग त्यांचा चेहरा उरलेलं वर्षभर पुरेल इतका शांत व्हायचा. एरवी मी अशा गोष्टींना हसतो. त्या चेहऱ्याला मी कधी हसलो नाही.

श्राद्ध करणारा मुलगा म्हणजे माझा मेहुणा रघू. तो चेन्नईजवळच्या आवडी गावी सरकारी कारखान्यात आहे, सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो आणि माणूस अतिशय सज्जन आहे. तो आदल्या दिवशी दुपारी आला आणि जागा पाहून घ्यावी म्हणून थेट गच्चीवर गेला. यंत्र मी संध्याकाळी काढणार होतो.

रघूनं वडामांजवळ पाऊल टाकलं आणि स्वतःच्या बापाच्या गच्चीवर, घरजावयाच्या खणखणीत आवाजात त्याला ऐकू आलं, “हाड! चल, नीघ इथून. फुकट खायची सवय लागलीय. पुन्हा दिसलास तर बघ!”

तो खाली आला. बॅग उचलली.

“भावोजी, मी स्टेशनवर जातो.”

“अरे, ते कावळ्यांसाठी होतं.”

“असेल ना.”

“रघू, देवाशपथ, ते रेकॉर्डिंग आहे.”

“म्हणजे आधीपासून तयार करून ठेवलं होतंत.”

सुधानं त्याला बसवलं, कॉफी दिली, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि जे काही बोलली त्यातलं एक वाक्यही त्या पट्टीत साठवता आलं नसतं, इतकं लांब होतं. मी लगेच वर जाऊन यंत्र उपसलं, वायरी गुंडाळल्या आणि सगळं माळ्यावर टाकलं. कावळ्यांना मोकळं रान मिळालं, उद्या येतीलच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कावळ्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता पान कठड्यावर गेलं. पिंडाचा भात, उडदाचा वडा, तिळाचा लाडू. वाध्यार, रघू, सुधा, मी आणि जिना कसाबसा चढून आलेल्या सासूबाई, सगळे गच्चीवर. रघूनं हाक मारली. “का, का, का.”

समोर नारळावर सात कावळे बसले होते. एकानंही मान वळवली नाही.

दहा मिनिटं गेली. वाध्यारांनी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं गेली. सासूबाईंनी स्वतः हाक मारली. त्यांचा आवाज बारीक झाला होता. सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, साडेबाराला जेवायची सवय, वय अठ्ठ्याहत्तर आणि वर ते ऊन. सुधानं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

“अम्मा, घोटभर ताक घे.”

“कावळा शिवल्याविना मज काही उतरायचं नाही.”

“गोळी घेतलीयस तू.”

“ह्यांची काही इच्छा राहिली,” सासूबाई म्हणाल्या. “मला कळेना, काय राहिलं.”

आणि सुरू झाली वचनं. पिंडाला कावळा शिवेना, तर गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून वचन द्यायचं, हे आपल्याकडे सांगलीतही आहे. रघू पुढे झाला. “अप्पा, मी अम्माला आवडीला नेतो. नीट सांभाळतो.”

“मी यायची नाही,” सासूबाई पदराआडून म्हणाल्या. कावळ्यांनीही रस दाखवला नाही.

“अप्पा, तुमचा रेडिओ मी भंगारात देणार नाही,” सुधा म्हणाली. “परवा विचार केला होता, चुकलं.” काही नाही. “अहो, मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतें,” सासूबाई म्हणाल्या. त्यासाठी आम्ही दोन वर्षं त्यांच्या विनवण्या करत होतो! तरी काही नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“अप्पा,” मी एक पाऊल पुढे टाकून म्हणालो, “तुम्हाला काही त्रास झाला असेल तर...”

मी पाऊल टाकताक्षणी सातही कावळे नारळावरून उडाले आणि पलीकडच्या गल्लीतल्या मोबाइलच्या टॉवरवर जाऊन बसले.

सासूबाई खाली बसल्या. चक्क गच्चीच्या तापलेल्या फरशीवर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “रागावले,” त्या म्हणाल्या. “बेचाळीस वर्षांत माझ्यावर कधी रागावले नव्हते.”

आता मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं ओकलो. कावळेच वडाम नेत होते, यंत्र त्यांच्यासाठीच होतं, टॉवेल घेऊन मी धावत होतो, आणि दहा दिवस त्यांच्या भाताला कोणी शिवलं नव्हतं.

“मग भात कोणी खाल्ला?”

“पारव्यांनी.”

“माझा तुपाचा भात पारव्यांस घातलात?” सासूबाईंनी विचारलं. रडू क्षणभर थांबलं होतं.

“भावोजी, पण यंत्र तर काल काढलंत ना?” रघू म्हणाला. “मग आज का येत नाहीत?”

उत्तर जिन्यातून वर आलं. विशालाक्षी टीचर ग्लुकोजचं पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी टॉवरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एखादा ढ विद्यार्थी अखेर उपयोगाला आला अशा सुरात म्हणाल्या, “सर, जरा डावीकडे चाला बघू.”

मी चाललो. सात माना डावीकडे वळल्या.

“आता उजवीकडे.”

सात माना उजवीकडे.

“कावळा त्रास देणाऱ्याचा चेहरा विसरत नाही,” टीचर म्हणाल्या. “मुलांना सांगायचे तर त्यांना खरं वाटायचं नाही. तुम्ही त्यांना दहा दिवस आवाज आणि चेहरा दोन्ही पाठ करून दिलेत. ते यंत्राला भीत नाहीयेत. तुम्हाला भितायत. खाली जा.”

“पण श्राद्धाला जावयानं...”

“अहो, जा ना!” सुधा म्हणाली.

मी गेलो. जिन्याचं पहिलं वळण उतरलो, दुसरं उतरलो आणि टीचरच्या दारापर्यंत पोचतो न पोचतो तोच वरून रघूचा आवाज आला, “शिवला! शिवला!” मला इतका आनंद झाला की मी दोन-दोन पायऱ्या चढत वर धावलो. दारात दिसलो मात्र, आणि वड्याकडे वळलेला तो कावळा पंख फडफडवत पळाला.

“तुम्ही खालींच थांबा, माप्पिळै,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात जोडलेले होते आणि चेहऱ्यावर तीच शांती आली होती. मी मुकाट्यानं खाली जाऊन स्कूटरच्या सीटवर बसलो. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर मला कोणीतरी बोलावलं, बहुतेक वाध्यारांनी.

जेवताना मी टीचरचं शास्त्र सासूबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझी चूक होती, अप्पा रागावलेले नव्हते, कावळ्यांनी माझा चेहरा ओळखला, एवढंच.

“कावळ्यास चेहरा काय कळणार?” सासूबाई भात कालवत म्हणाल्या. “ह्यांना कळतो. मी म्हणत होतें ना, काहीतरी इच्छा राहिली आहे. आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नाही.”

रघू पानात बघून हसला. मग त्यानं स्वतः उठून मला तिळाचा लाडू वाढला, म्हणजे आदल्या दिवशीचं भांडण मिटलं. सासूबाईंनीही मला मनापासून माफ केलं. ज्या माणसामुळे अप्पांची इच्छा अखेर समजली त्याच्यावर राग कसला?

पुढच्या वर्षी वाध्यारांनी सामानाची यादी वाचून दाखवली. काळे तीळ, दर्भ, केळीची पानं, आणि अकरा ते तीन जावई बाहेर. मी विचारलं, हे कोणत्या शास्त्रात आहे. ते म्हणाले, शास्त्रात नाही, पण या घराला लागू पडलंय. तेव्हापासून त्या दिवशी मी टी. नगरच्या गर्दीत साड्यांच्या दुकानांपुढे उपाशी फिरत असतो आणि सुधाच्या फोनची वाट बघतो. मी निघेपर्यंत घरचे सगळे कावळ्याच्या येण्याची वाट बघत असतात आणि कावळा माझ्या जाण्याची.